शुक्रवारचा आवाज

कामतघरला आमच्या खोलीची मागची भिंत म्हणजेच कापड विणायच्या लूमच्या शेडची भिंत. त्यामुळे आमच्या घरात कुणी बोलत नाही, सगळे ओरडतात. आई शिव्या घालतेय की लाडानं जेवायला बोलावतेय, हे तिच्या हातवाऱ्यांवरून ओळखायचं. मी त्यातच वाढलो. पुढे जवळच्याच पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर झालो, तो या आवाजाच्या जोरावरच, असा माझा समज आहे.

कंपनीनं अंदमानातल्या एका छोट्या बेटावर गोडाऊन उघडलं. जायला कुणी तयार होईना, तेव्हा मी हात वर केला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. ती काहीतरी म्हणाली. मागे लूम चालू होते, नीट ऐकू आलं नाही. मी ते 'हो' धरलं.

बेटावर पहिल्याच दिवशी शोभा झाली. खिडकीत लख्ख ऊन बघून मी दचकून उठलो, आंघोळ न करता धावत सुटलो आणि गोडाऊनच्या कुलपासमोर जाऊन वॉचमनवर खेकसलो, "नौ बज गये, ताला कौन खोलेगा?" त्यानं शांतपणे मोबाइल पुढे केला. साडेपाच वाजले होते. तिथं सूर्य लवकर येतो आणि संध्याकाळी पाचला निघूनही जातो. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला बायकोनंही विमानात सांगितलं होतं म्हणे.

घर फळ्यांचं होतं, वर पत्रा. शेजारी घरमालकीण, एक निवृत्त शिक्षिका. भोवती नारळ आणि इतकी शांतता की कानात गुंई व्हायचं. बोट आली नाही की बटाटे नाहीत, कांदे नाहीत. मग मी बायकोला विचारायचो, "आज पण भातच?" साधं विचारायचो. आमच्या पद्धतीनं.

महिनाभरानं एका रविवारी सकाळी मी मागच्या मोरीत दाढी करत होतो. घरमालकीण पुढच्या दारात आली आणि बायकोला हळूच म्हणाली, "बेटी, सच बता. मारता है क्या?"

मला आधी हसू आलं. माझ्यासारख्या माणसाला, जो झुरळ बघून खुर्चीवर चढतो, त्याला ही बाई काय समजते! आता बायको खो खो हसेल म्हणून मी तोंडाला फेस तसाच ठेवून थांबलो.

ती लगेच 'नाही' म्हणाली नाही.

मग म्हणाली, "नहीं आंटी. मारते नहीं." बस, एवढंच. घरमालकीण परत गेली. मी तोंड धुवून बाहेर आलो.

"एवढा वेळ कशाला लावलास गं?"

"बघा. आत्ता पण ओरडताय."

"अगं, आमचा आवाजच तसा. लूममुळं."

"इथं कुठं आलेत लूम?" ती तांदूळ निवडत होती, वर बघितलं नाही. "तिकडं तुमचं निम्मं मला ऐकूच यायचं नाही. मी मान हलवायचे. चार वर्षं बरी गेली. इथं सगळं ऐकू येतं."

त्या दिवसापासून मी हळू बोलायला लागलो. हमालांनी मला ताप आलाय समजून लिंबूपाणी आणून दिलं. आईनं फोनवर विचारलं, "काय रं, आवाज का बसलाय? बायकोनं हानला का काय?" पण दोन दिवसांनी बोट चुकली, माल अडकला आणि मी घरी येऊन पुन्हा होतो तसा. बायको म्हणाली, "दिवाळीला घरी जाऊ. मी परत येईन की नाही, ते तिकडं गेल्यावर सांगते."

कामतघरला आलो, लूमचा खडखडाट कानावर पडला आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. त्या आवाजात मी निर्दोष होतो. मग शुक्रवार उजाडला. शुक्रवारी लूमना सुट्टी. परतीची बॅग भरताना मी मोठ्यानं विचारलं, "आई, चार्जर कुठं ठेवलास?"

आई दचकली. चुलीपाशी नव्हे, माझ्या अगदी शेजारी बसली होती ती.

मग बायकोकडे बघत म्हणाली, "याचा बाप पन आसाच वरडायचा. मी म्हनायची, लूममुळं. सहा दिवस लूममुळं. आन शुक्रवारी?"

वडील गेल्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल आई असं कधी बोलली नव्हती. किंवा बोलली असेल, मला ऐकू आलं नसेल.

मी एकटाच परतलो. निघताना बायको म्हणाली, "रोज फोन करा. आवाजावरून ठरवते."

आता संध्याकाळी पाचला इथं अंधार पडला की मी फोन लावतो. तिकडं अजून उजेड असतो. मी हळू बोलतो, मागे लूम खडखडतात, आणि ती "काय? काय?" करते. मोठ्यानं बोलायची सोय नाही, हळू बोललेलं पोचत नाही. माझ्यासारख्याला ही शिक्षा अगदी मापात बसली.

काल मात्र फोनवर खडखडाट नव्हता. शुक्रवारही नव्हता.

"कुठं आहेस?" मी विचारलं.

"तळ्यावर. चालत आले. इथं ऐकू येतं."

मी मग विचारलं, "मी बेटावर जायचंय म्हणालो, त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस?"

"मला जरा विचार करू द्या, असं."

"मग आता कर," मी म्हणालो.

तिनं फोन ठेवला नाही. तळ्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं. मी अंधारात उभा राहून ते ऐकत राहिलो.