सौद्यामागे एक कार्ड

चाचा कुणाचाही हात हातात घेत ते आधी त्यावर रुमाल टाकून. घोडेगावच्या बाजारात म्हशीचा सौदा असाच होतो. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात, आकडा त्या दोघांनाच कळतो आणि भोवतीची माणसं नुसती चेहरे वाचत उभी राहतात. चाचा जन्मभर दलाल. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की चहा किती हवेत हेसुद्धा ते हॉटेलवाल्या बबनला रुमालाखालीच सांगायचे. "बोला!" म्हणायचं आणि रुमाल टाकायचा. एकदा त्यांना ताप आला म्हणून मी नाडी बघायला गेलो, तर तिथंही रुमाल!

मी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात होतो. डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखालचा. पण बाजारात सुई टोचतो तो डॉक्टर, त्यामुळे मीही डॉक्टर झालो आणि कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलो नाही.

तर ह्या चाचांनी साठी उलटल्यावर अख्ख्या बाजाराला तीस वर्षं मागं नेऊन बसवलं. पूर्वी टीव्हीवर आठवड्यातून एकदा गाण्यांच्या नंबरांचा कार्यक्रम लागायचा, तुम्हीही पाहिला असेल तसलाच. दहाव्या नंबरापासून चढत चढत पहिल्यापर्यंत. मधे चकचकीत कोटातला एक गडी बडबडायचा आणि लोक पोस्टकार्डं टाकून आपल्या आवडीच्या गाण्याला मत द्यायचे. कुणीतरी भल्या माणसानं त्या जुन्या कॅसेटी इंटरनेटवर चढवल्या आणि बबननं त्या हॉटेलातल्या टीव्हीवर लावल्या. चाचांनी लगेच फर्मान काढलं. बाजार उठला की आठवड्याला एकच भाग बघायचा, पुढचा नाही.

"का हो चाचा?" मी विचारलं.

"उद्याची धार आज निघती का डॉक्टर?"

घ्या!

इथवरही ठीक होतं. पण चाचा मत द्यायला लागले. तीस वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या कार्यक्रमाला, दर आठवड्याला, पोस्टकार्डानं. त्यांचं एक ठरलेलं गाणं होतं. हिरो ट्रॅक्टरच्या टपावर उभा राहून गातो आणि हिरॉईन उसातून पळते. हिरोकडे बघून चाचा स्वतःच म्हणायचे, "ह्यो काय टिकनार न्हाई. गळ्यात कस हाय, पायात न्हाई." तरी मत त्यालाच. आणि एकट्याचं नव्हे. चाचांनी जुळवलेला सौदा झाला की घेणाऱ्यानं एक कार्ड लिहायचं, देणाऱ्यानं एक. संगमनेरहून म्हैस घ्यायला आलेला एक तरुण गिऱ्हाईक वैतागला.

"चाचा, हे गाणं आलं तेव्हा मी बालवाडीत होतो!"

"आता मोटं झालात न्हवं? मग ल्हिवा कार्ड."

लिहिलं बिचाऱ्यानं. म्हैस चांगली होती, काय करणार!

पोस्टातल्या बाई सरळ स्वभावाच्या. त्यांनी समजावलं, "चाचा, मुंबईचा हा पत्ता कधीच बंद पडला."

"पत्ता बंद पडला आसंल बाई. गानं चालू हाय."

आणि खरंच, पुढल्या आठवड्यात गाणं नवव्यावरून सहाव्यावर आलं! चाचा पेढे घेऊन पोस्टात. "पोचली बाई, कार्डं पोचली!" बाईंनी कपाळावर हात मारला, पण पेढा घेतला. महिनाभरात त्याच खिडकीतून विचारू लागल्या, "कितव्यावर गेलं हो?"

मग एकदा गाणं सहाव्यावरून सातव्यावर घसरलं. चाचांनी हॉटेलात उभं राहून सगळ्यांकडे एक नजर फिरवली. "कुनी कार्डं टाकली न्हाईत?" कोपऱ्यात बसलेल्या पेंडवाल्यानं मान खाली घातली. त्याच्याकडे दिलेला गठ्ठा त्याच्या मोटारसायकलच्या डिकीतच राहिला होता. आता तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही मनात तेच म्हणत होतो. पण पेंडवाला इतका ओशाळला की दुसऱ्या दिवशी स्वतः नेवाशाला जाऊन गठ्ठा टाकून आला. घोडेगावच्या पोस्टाच्या पेटीवर त्याचा भरवसा राहिला नव्हता.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते चाचांनी मला एकदाच सांगितलं. मी त्यांच्या व्यालेल्या म्हशीची अडकलेली वार काढून हात धूत होतो आणि ते पाणी ओतत होते.

"चाचीचं गानं हाय ते," ते म्हणाले. चाची जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. "दर आठवड्याला कार्ड ल्हेवायची. बाजाराच्या दिशी माज्याकडं द्यायची, पोस्टात टाका म्हनून. आन् बाजारात कागूद घावायचा न्हाई डॉक्टर. मी त्याच कार्डावर सौदा ल्हेवायचो. म्हैस काळी, शिंग वाकडं, दुसऱ्या येताची. कार्ड गिऱ्हाइकाच्या खिशात जायचं. एक बी टाकलं न्हाई. ती टीवीसमोर बसून वाट बघायची. म्हनायची, आपल्या गावाचं कोन ऐकतंय! आन् मी शेजारी बसून मान डोलवायचो. तिला आखीरपतुर सांगितलं न्हाई."

मी हात पुसत राहिलो. त्या दिवसापासून मला ते टपावरचं गाणं पहिलं यावंसं वाटू लागलं, अगदी मनापासून. नवससुद्धा बोललो असतो.

गाणं दुसऱ्या नंबरावर पोचलं तेव्हा माझा धीर सुटला. घरी येऊन मोबाईलवर मी पुढचा भाग चोरून पाहिला. गाणं दुसऱ्यावरच होतं. त्याच्या पुढचा पाहिला, तर एकदम आठव्यावर. मग गायबच. मी मोबाईल उशीखाली ठेवला आणि स्वतःला चार शिव्या दिल्या.

त्या आठवड्यात बाजारात एरवीच्या दुप्पट कार्डं लिहिली गेली. संध्याकाळी हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती, पोस्टातल्या बाईही आल्या होत्या. भाग लावण्याआधी चाचा दर वेळी एकेकाच्या हातावर रुमाल टाकून अंदाज घ्यायचे. बाजाराचा कायदा असा की तोंडानं हवं तेवढं खोटं बोला, रुमालाखाली नाही. माझी पाळी आली.

"बोला डॉक्टर!"

मी एक बोट दिलं. आयुष्यात इतकं जड बोट मी कधी उचललं नव्हतं.

चाचांनी ते धरलं. मग माझ्याकडे न बघता, रुमालाखाली, माझं मिटलेलं दुसरं बोट त्यांनी हळूच उलगडलं आणि दोन्ही बोटं मुठीत घट्ट दाबली. वर तोंडानं ओरडले, "डॉक्टर म्हनत्यात, एक!" हॉटेलात टाळ्या पडल्या.

भाग संपला. गाणं दुसरं. पेंडवाल्यानं कोटवाल्याला आईवरून शिवी दिली, मग पोस्टातल्या बाई दिसल्या म्हणून गिळली. लोक गुपचूप उठले. मी चाचांच्या मागोमाग बाहेर आलो.

"चाचा, तुम्हाला माहीत होतं?"

"आवो, तवाच बघितलं हुतं की. तिच्या शेजारी बसून."

मी किती गाढव! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "मग एवढी कार्डं कशाला?"

"तवा टाकली न्हवती," चाचा म्हणाले. जणू मी मुद्द्याचं सोडून भलतंच काहीतरी विचारलं होतं.

डोळे भरून आले होते, ते मी शर्टाच्या बाहीला पुसले. चाचा मात्र तरातरा परत हॉटेलात शिरले आणि आवरत असलेल्या बबनला म्हणाले, "फुडल्या बाजारापासनं परत पैल्या भागापासनं लाव. आवंदा कार्डं जरा येळंवर टाकू."

आणि लावलं त्यानं! त्यावर कुणी हसलंसुद्धा नाही. पोस्टातल्या बाईंनी कार्डांचा नवा गठ्ठा मागवून ठेवला.

त्या दुसऱ्या फेरीतच चाचा गेले. दुपारी एक सौदा जुळवला, दोघांकडून कार्डं लिहून घेतली, स्वतः पोस्टात टाकली आणि घरी जाऊन जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. दफनाला अख्खा बाजार लोटला. माती देऊन कब्रस्तानातून परत येताना पेंडवाल्यानं मला हळूच विचारलं, "डॉक्टर, ह्या आठवड्याला कितव्यावर हुतं?"

"चौथ्यावर," मी म्हणालो. "चढत होतं."