येतो म्हणणाऱ्यांचं फाटक

"येतो म्हनलं ना?" एवढं विचारून तो फाटकाची कडी हातात धरून उभा राहायचा.

आपण निघताना 'जातो' म्हणत नाही. ते मरणाचं बोलणं. 'येतो' म्हणतो, आमच्याकडे बायकाही 'येतो'च म्हणतात; तुम्हीही म्हणत असाल. त्याला मात्र तो शब्द जसाच्या तसा खरा वाटायचा. येतो म्हणणारा परत येईपर्यंत तुमसरच्या आमच्या गल्लीतलं त्याच्या घराचं फाटक उघडं. मी शेजारचा गुरुजी. तो तिशीचा, धिप्पाड, आणि बोलणं मोजक्या शब्दांचं.

एकदा त्याचे मामा 'येतो' म्हणून लाखांदूरच्या एसटीत बसले. हा संध्याकाळपर्यंत उभा. गल्लीतले चिडवायचे, "काहो चौकीदार, जेवाले सुट्टी नाही का?" शेवटी कुणी आलं की तो फाटक लावेल म्हणून मीच बाहेर जाऊन फाटकातून आत आलो. त्यानं मला नीट न्याहाळलं.

"तू मामा नाही," म्हणाला.

पुढे तो भिंतीवर डोकं आपटू लागला, म्हणून आईनं त्याला शहरातल्या इस्पितळात ठेवलं. "येतो रे बाबू," म्हणून ती निघाली, आणि तो वॉर्डाच्या दारात उभा राहिला. ओढलं की ढकलायचा. मग त्याला वेगळ्या खोलीत कोंडलं. दाराला वीतभर काच होती. तिच्यामागे तो तसाच उभा.

त्याची आई आणि मी भेटायला गेलो. डॉक्टर म्हणाले, दार अडवणं सोडलं तर वॉर्डात घेऊ. मी त्यांना 'येतो'चं सांगितलं. अटेंडंट हसला. "मंग जातो म्हना ना, बाई."

"आईनं लेकराले जातो म्हनाव?"

ती काचेपाशी गेली. मग हळूच म्हणाली, "जातो रे, बाबू."

त्यानं दारावरचा हात काढला आणि खाटेवर जाऊन बसला. खोली उघडली गेली.

पुढच्या भेटीला तो वॉर्डात, सगळ्यांमध्ये होता. "आलो ना रे," म्हणत तिनं त्याचा चेहरा हातात धरला. तो तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होता.

"आई गेली," म्हणाला.

हिवाळ्यात तापानं तो तिथेच वारला.

मयताच्या घरून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. लोक मुकाट्यानं उठले. मीही चपला घातल्या. फाटकाशी ती उभी होती, कडी हातात धरून.

"म्हना ना, गुरुजी. येतो म्हना."

मी म्हटलं. माझ्या दारातून वळून पाहिलं, तर फाटक उघडंच होतं.