व्याह्यांचे चौदा किलो

आमच्या व्याह्यांइतका खोटं बोलणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही, आणि इतकं बोलूनही ज्याचं एकदासुद्धा पचलं नाही असा माणूस तर त्रिभुवनात दुसरा नसेल. सामान्य माणूस थाप मारतो ती आटोपशीर मारतो. व्याह्यांना ते जमत नसे. उशीर झाला तर ‘उशीर झाला’ म्हणून मोकळं व्हावं. पण ते सांगणार, की वाटेत एक म्हातारा भेटला, मद्दूरचा, त्याची छत्री बसमध्ये राहिली होती, छत्रीची मूठ पितळेची होती आणि ती त्याला सासऱ्यानं दिली होती. मुठीपाशी आल्यावर ऐकणाऱ्याला कळून चुकायचं, की हे कोपऱ्यावरच्या हॉटेलात डोसा खात बसले होते. शेवटी दोन्ही हात झटकून ते ‘अष्टे!’ म्हणायचे. अष्टे म्हणजे कानडीत ‘बस, एवढंच’. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही गेलो, तेव्हा ‘मी रात्री नुसतं दूध घेतो’ असं सांगून त्यांनी माझ्यादेखत सात पुरणपोळ्या उडवल्या. मी मोजत होतो हे विहीणबाईंच्या ध्यानात आलं असावं. त्या शांतपणे म्हणाल्या, “दुधात बुडवून घेतात.”

एका बाबतीत मात्र त्यांच्या तोंडून खोटं निघत नसे, ती म्हणजे रंग. त्यांचे पूर्वज रंगारी. मराठी मुलखातून कधी म्हैसूरला आले ते त्यांनाही ठाऊक नाही. कापड रंगवलं, छापलं, आणि आता देवराज मोहल्ल्यात खाली कापडाचं दुकान नि वर घर. गिऱ्हाइकानं निळं लुगडं हातात घेतलं, की हे म्हणणार, “बेडा अक्का, नको. दोन धुण्यांत जाईल हा रंग.” धंदा बेताचा होता तो यामुळेच. आणि या डोळ्यांनीच त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं. एका दुपारी गावाबाहेर बोगादीला आमच्या घरी आले, पाणी प्यायले आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाले, “व्याही, हिचा रंग उतरलाय की हो. पिवळा नाही, पांढरा नाही. राखेवर हळद सांडल्यासारखा. मला भीती वाटते.” मद्दूरचा म्हातारा नाही, छत्री नाही. मी चपापलो.

महिन्याभरात निदान झालं. विहीणबाईंची दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. मुलाचं, म्हणजे आमच्या जावयाचं, रक्त जुळेना. व्याह्यांचं जुळलं. पण त्यांना काट्यावर उभं केलं तर शहाण्णव किलो, आणि उंची जेमतेम साडेपाच फूट. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “एवढ्या वजनाच्या माणसाचं मूत्रपिंड मी काढणार नाही. चौदा किलो उतरवा, मग बोलू. आणि लवकर उतरवा. बाईंच्या हातातली डायलिसिसची शीर आताच दमायला लागली आहे.” अवघड भाग पुढेच होता. विहीणबाईंनी रक्ताच्या तपासण्या चालू असतानाच बजावून ठेवलं होतं, “माझ्यासाठी घरातल्या कुणाच्या अंगाला सुरी लागायची नाही. दवाखान्याच्या यादीत नाव आहे माझं. देवाच्या मनात असेल तेव्हा नंबर येईल.” त्या बोलायच्या थोडं, पण ते दगडावर कोरल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी व्याही माझ्याकडे सायकल चालवायला शिकवा म्हणत आले. मी आणि माझे मित्र रंगप्पा सेवानिवृत्तीनंतर रोज सकाळी सायकलवरून हिंडायचो. रंगप्पांनी तीस-बत्तीस वर्षं बस चालवली होती आणि पाठीला पडलेला बाक सायकलवर सरळ करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. व्याही आम्हाला म्हणाले, “गुडघ्यासाठी. एक हकीम भेटला, श्रीरंगपट्टणचा, त्याची दाढी मेंदीनं रंगवलेली…” रंगप्पांना दाढीपर्यंत थांबायची गरज वाटली नाही. ते कानडीत म्हणाले, “सार, तुमच्या सूनबाईंनी आम्हाला सगळं सांगितलंय. उद्या सहा वाजता.” व्याही हळूच म्हणाले, “तिला गुडघाच सांगायचा हं.”

पहिल्या दिवशी दुकानाच्या पायरीवरून त्यांनी सायकलवर टांग टाकली आणि पहिल्या चौकात उभ्या असलेल्या रिक्षाला मिठी मारून थांबले. ब्रेक हा प्रकार त्यांना दुसऱ्या आठवड्यात समजला. रंगप्पा मागून कंडक्टरसारखं “राइट, राइट!” ओरडायचे, मी पुढे राहून खड्डे दाखवायचो आणि मध्ये आमचे व्याही, घामानं न्हालेले, गाडीत बसवलेल्या गणपतीसारखे डुलत. पहिला महिना नुसतं बोगादीपर्यंत आणि परत. वजन दर सोमवारी, धान्याच्या घाऊक दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर. दुकानाचा शेट आकडा मोठ्यानं पुकारायचा, त्यामुळे तो साऱ्या मोहल्ल्याला कळायचा. आणि खरं कारणही चार दिवसांत साऱ्या मोहल्ल्याला कळलं होतं. पण वरच्या मजल्यावर ते कुणी जाऊ दिलं नाही. हॉटेलवाल्यानं तर कमाल केली. तव्यावर पीठ चरचरत असताना तो सकाळी सात वाजता व्याह्यांच्या तोंडावर सांगायचा, “डोसा संपला, सार.” व्याही तव्याकडे बघायचे, त्याच्याकडे बघायचे आणि मुकाट्यानं सायकलवर बसायचे. खोटं बोलणाऱ्यावर खोटं सोसायची पाळी आली होती.

तिसऱ्या महिन्यात काटा एकोणनव्वदवर जो अडला तो हलेचना. त्यातच एका रविवारी विहीणबाईंच्या छातीत पाणी भरलं. श्वास घेता येईना. जावई आणि मी त्यांना रिक्षात घालून नेलं. व्याही शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि सांगत होते, “काही नाही गं, हे असं होतंच. आपल्या पलीकडच्या शेट्टींच्या बायकोला झालं होतं, ती आता टेनिस खेळते.” विहीणबाईंना बोलवत नव्हतं, तरी त्यांनी विचारलं, “लुगड्यात?” दोन दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. डॉक्टर बाहेर येऊन एवढंच म्हणाले, “या वेळेला निभावलं.”

त्यानंतर व्याह्यांचं वजन भराभर उतरू लागलं. दोन आठवड्यांत चार किलो. शेट पंच्याऐंशी पुकारताना जवळजवळ नाचला. मीही खूष होतो. रंगप्पा मात्र परतताना म्हणाले, “सार, उतारावर गाडी आपोआप पळायला लागली ना, की ड्रायव्हरनं घाबरायचं असतं.” मी व्याह्यांना विचारलं, तर त्यांनी न्याहारीची यादीच ऐकवली: दोन इडल्या, चटणी, चटणीत कोथिंबीर, कोथिंबीर नंजनगुडची. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्या गुरुवारी आम्ही पहिल्यांदा हुणसूर रस्त्यानं येलवालपर्यंत निघालो. व्याह्यांनीच हट्ट धरला होता. ऊन नुकतं चढत होतं, बाजूनं ट्रक धडधडत जात होते. येलवाल दिसायला लागलं आणि माझ्यामागून पेडलचा आवाज यायचा थांबला. मी वळून पाहिलं. व्याही सायकलवरच होते, पण मान खाली गेली होती आणि सायकल तिरपी होऊन रस्त्याच्या मधोमध चालली होती. मागून ट्रकचा हॉर्न. रंगप्पांनी आपली सायकल टाकून दिली, धावत जाऊन त्यांच्या सदऱ्याला धरलं आणि सायकलीसकट त्यांना डाव्या अंगाला ओढलं. ट्रक आमच्या पायांवर धूळ उडवून निघून गेला.

एका झाडाखाली त्यांना निजवलं. ओठ पांढरे, हात गार. मी त्यांची नाडी शोधत होतो आणि मला माझ्याच बोटांतले ठोके लागत होते. अर्धं नारळपाणी पोटात गेल्यावर त्यांनी डोळे उघडले. रंगप्पांनी विचारलं, “शेवटचं जेवलात कधी?” व्याही बोलायला लागले, “काल रात्री, दोन चपात्या, हिनंच…” “खरं!” रंगप्पा इतक्या जोरात ओरडले, की नारळवाला दोन पावलं मागे सरला. व्याह्यांनी झाडाकडे बघत सांगितलं, की बारा दिवस ते सकाळी एक पेला ताक आणि रात्री एक पेला ताक एवढ्यावर होते. ताटातलं सगळं रुमालात बांधून गायीला जात होतं.

“तुम्ही असे रस्त्यात गेलात, तर ती दोन्ही मूत्रपिंडं कुणाच्या कामाची?” रंगप्पा म्हणाले. “दवाखान्यात काय सांगू मी त्या बाईला? गुडघा दुखत होता म्हणून?”

व्याही लहान मुलासारखे रडले. आम्ही त्यांना रडू दिलं. मग ते म्हणाले, “वेळ नाही हो. तिच्याकडे बघतो ना, रोज एकेक धुणं झाल्यासारखी दिसते. पंधरा दिवसांत एक किलो, या चालीनं मी कधी पोचणार?”

त्या दिवसापासून आम्ही त्यांची तोंडी हकिकत मानायचं बंद केलं. सकाळी सायकल झाली, की ते रंगप्पांच्या घरी बसत आणि रंगप्पांच्या बायकोनं वाढलेली नाचणीची मुद्दे, म्हणजे उकडीचा गोळा, आणि पालेभाजीचं सार तिच्या डोळ्यांसमोर संपवत. संध्याकाळी माझी बायको डबा घेऊन दुकानात जाई आणि डबा रिकामा होईपर्यंत कापडाचे भाव विचारत बसे. सायकल रोज, पण बेतानं. व्याही दमले, की तिघांनीही उतरायचं. येलवालच्या चढावर तर आम्ही कितीतरी दिवस तिघं सायकली हातात धरून चालत गेलो. काटा पंच्याऐंशीचा पुन्हा शहाऐंशी झाला तेव्हा व्याही शेटच्या दुकानातून एक शब्द न बोलता निघून गेले. मला वाटलं, आता हे येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सहाला पायरीवर हजर होते. वर विहीणबाईंचे हात सुजत होते, एका डायलिसिसच्या वेळी शीर बंद पडून गळ्यात नळी घालावी लागली. आणि खाली आम्ही पावशेरा-पावशेरानं उतरत होतो.

साडेसात महिन्यांनी एका सोमवारी शेटनं आकडा पुकारलाच नाही. तो काट्याकडे बघत राहिला. मग त्यानं नुसता हात जोडून नमस्कार केला. ब्याऐंशी.

आता विहीणबाईंना सांगणं आलं. त्यांची संमती आणि सही लागणार होती. जावई म्हणाला तुम्ही सांगा, मी म्हटलं तुम्ही, आणि वर त्यांच्या खोलीत गेल्यावर कुणी काही बोलायच्या आत व्याह्यांनीच तोंड उघडलं. “अगं, दवाखान्यातून फोन आला होता. तुझा नंबर लागला. एक माणूस द्यायला तयार आहे.”

विहीणबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. “कोण?”

“शिमोग्याचा आहे. तुझ्या ओळखीचा नाही.”

“काय करतो?”

“कापडाचा धंदा.” व्याह्यांना घाम फुटला. “बेताचाच चालतो म्हणे. चांगला माणूस आहे. थोडा खादाड होता, पण आता सुधारलाय. सायकल चालवतो.”

माझ्या मुलीनं पदर तोंडात कोंबला. विहीणबाईंनी बराच वेळ नवऱ्याकडे पाहिलं, मानेकडे, मनगटाकडे, बसलेल्या गालांकडे.

“वजन किती त्या माणसाचं?”

“ब्याऐंशी,” व्याही म्हणाले. “शहाण्णव होतं.”

“त्याला सांगा, मला नको.” विहीणबाई म्हणाल्या. “त्याला काही झालं तर मी कुणाकडे बघू?”

व्याही खाली जमिनीवर बसले. आणि मग मी त्यांना पहिल्यांदाच एकही फुलपान न जोडता बोलताना ऐकलं. “तुला आत नेतात ना मशीनला, तेव्हा मी चार तास बाहेर बाकावर बसतो. पेपर वाचतो म्हणून सांगतो तुला. वाचत नाही. शंभरपर्यंत मोजतो, मग परत एकपासून. मला हे आता जमत नाही गं. माझ्याकडे दोन आहेत. एक तू घे.”

खालून रस्त्यावरून फुलवाल्या बायकांचा गलका येत होता. विहीणबाईंनी हात पुढे केला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला. “पेन कुठं आहे?” त्या म्हणाल्या.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दोघांना पाठोपाठ आत नेलं. आम्ही सात तास बाहेर होतो. रंगप्पा एका जागी उभे होते, बसा म्हटलं तरी बसेनात. संध्याकाळी डॉक्टर आले आणि म्हणाले, मूत्रपिंड टेबलावरच चालू झालं. रंगप्पा तेव्हा बसले.

त्या मूत्रपिंडानं विहीणबाईंना सहा वर्षं साथ दिली. सहा वर्षांत त्यांनी नातवाला मराठी बाराखडी शिकवली, चार वेळा कोल्हापूरला जाऊन अंबाबाईची ओटी भरली आणि नंतर एका साध्या तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. रंगप्पा आता लेकीकडे हासनला असतात. माझ्या पाठीनं सायकल सोडायला लावली. व्याही येतात अधूनमधून, आम्ही ओट्यावर बसतो. फार बोलत नाहीत ते आता. जे बोलतात ते खरं असतं, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

शस्त्रक्रियेनंतर तीन-साडेतीन महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांना सायकलला परवानगी दिली, ती पहिली सकाळ मला नेहमी आठवते. मी आणि रंगप्पा पायरीपाशी उभे होतो. व्याही खाली आले आणि त्यांच्यामागून, कठड्याला न धरता, एकेक पायरी उतरत विहीणबाई आल्या. वर्षभरात त्यांना अशा आपल्या पायांनी खाली आलेल्या कुणी पाहिलं नव्हतं. “मीही येते चौकापर्यंत,” त्या म्हणाल्या. व्याह्यांनी सायकल हातात धरली आणि त्यांच्या शेजारून चालू लागले. आम्हीही मागे सायकली हातात धरून. चौक आला, तरी त्या थांबल्या नाहीत. बाजारापर्यंत गेल्या, मोगऱ्याचा हातभर गजरा घेतला, तिथंच उभ्या राहून माळला आणि परत फिरल्या. शेट दुकानातून बाहेर येऊन उभा होता, हॉटेलवाला तवा सोडून दारात आला होता. त्या दिवशी आम्ही सगळे मिळून दोन फर्लांगसुद्धा गेलो नाही, आणि सायकलवर बसायची कुणालाच घाई नव्हती.