सैंधव म्हणजे मीठ नव्हे म्हणे!

काल एकादशीला मी सख्ख्या दिरांच्या हातातली चूर्णाची बाटली हिसकावून घेतली आणि सगळी मोरीत ओतली. वरून नळ सोडला. एवढ्या वर्षांच्या संसारात भाऊजींवर आवाज चढवायची ही पहिलीच वेळ... आणि मला त्याचं तसूभरही वाईट वाटत नाहीये.

मला आगाऊ म्हणायच्या आधी नीट ऐकून घ्या.

आम्ही बनारसला दुर्गाघाटावर राहतो. हे पौरोहित्य करायचे. दोन वर्षांपूर्वी यांना हार्ट फेल्युअर निघालं, म्हणजे हृदय बंद पडलं नाही, पण पंपाचा जोर कमी झाला. गोळ्या सुरू झाल्या, पाणी बेताचं, मीठ जवळपास बंद. तरी सकाळी हळूहळू, वाटेत बसत, पंचगंगा घाटापर्यंत जाऊन यायचे.

अलीकडे यांची भूकच गेली. दोन घासांत 'पुरे' म्हणून ताट सरकवायचे. मळमळ, पोट तट्ट फुगलेलं... धोतराची गाठ बसेना.

झालं! अख्खी गल्ली वैद्य झाली. 'गैस है पंडितजी को.' कुणी ओवा दिला, कुणी हिंगाचं पाणी. ज्यांच्याकडे हे पूजा सांगायचे ते यजमान तर हसून म्हणाले, पोट सुटलंय, दक्षिणा मानवली! हातपाय काड्यांसारखे झालेत आणि म्हणे दक्षिणा मानवली. तोंडाला काही हाडबीड?

भाऊजी राहतात गंगेपलीकडे रामनगरला. भावावर जीव टाकतात, ते मी नाकारत नाही. दर आठवड्याला पूल ओलांडून यायचे आणि तिथल्या बाजारातलं पाचक चूर्ण आणायचे. त्यात हिंग, जिरं... आणि मूठमूठ पादेलोण, म्हणजे काळं मीठ. हे दिवसातून चार वेळा चाटायचे.

मी म्हटलं, अहो, हे खारट लागतंय. तर दोघं भाऊ एका सुरात, 'ते औषध आहे.' पुढे शेजारपाजाऱ्यांनी सुचवलं, भूक नाहीच तर उपास करा, पोटाला आराम. मग काय... एकादशी होतीच, सोमवार आला, चतुर्थी, प्रदोष. उपासाच्या बटाट्यावर हे आपल्या हातानं सैंधव भुरभुरवायचे. सोवळ्यातली वेगळी डबी, तिला कुणी हात लावायचा नाही. मी ओरडले तर शास्त्र ऐकवलं, 'उपासाला मीठ चालत नाही. सैंधव चालतं. म्हणजे सैंधव हे मीठ नव्हे.'

शास्त्र्यांपुढे बोलायची सोय आहे का?

मागच्या एकादशीला संध्याकाळी यांना आडवंच होता येईना. टेकले की धाप. पाय सुजून टम्म. आमच्या गल्लीत गाडी कुठली... खुर्चीत बसवून चौघांनी मैदागिनच्या मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून नेलं. मी मागून पिशवी घेऊन धावतेय आणि वाटेत एक बाई ओट्यावरून सांगतेय, 'अजवाइन खिलाइए, गैस चढ़ गया है.' देवाशप्पथ, पिशवी फेकून मारणार होते.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आधी पोट दाबून पाहिलं, मग नडगी. मग खाण्याचं विचारलं. हे धापा टाकत म्हणाले, 'नमक तो बंद है. बस सेंधा लेते हैं, व्रत का.'

त्या म्हणाल्या, 'पंडितजी, सेंधा भी नमक है. काला नमक भी. दिल एकादशी नहीं जानता.'

मग मला बाहेर नेऊन समजावलं. हृदय कमजोर पडलं की पाणी फक्त पायांत साठत नाही. पोटात साठतं, आतड्यांच्या भिंतींनाही सूज येते. म्हणून दोन घासांत पोट भरतं, मळमळतं, घेतलेली गोळीसुद्धा नीट अंगी लागत नाही. आम्ही ज्याला गॅस म्हणत होतो ते पाणी होतं... आणि वरून मीठ चारून चारून आम्ही ते वाढवत होतो. चार दिवसांत औषधांनी पाणी उतरवलं, धोतर ढगळ झालं, हे घरी आले. पण भूक काही परतली नव्हती.

आता सांगा. एवढं सगळं झाल्यावर, काल भाऊजी आले आणि पिशवीतून बाटली काढत म्हणाले, 'वहिनी, ह्यात पादेलोण नाही हं. खास सांगून सैंधवाचं करवून आणलंय.'

माझं डोकंच फिरलं! बाटली मोरीत रिकामी केली, मग देवघरात जाऊन ती सोवळ्यातली डबीही आणली आणि तीही ओतली. म्हटलं, भाऊजी, तुम्ही प्रेमानं माझं कुंकू पुसायला निघालात. तुम्ही, ती ओवेवाली, ते दक्षिणावाले, सगळे! या माणसाला काय होतंय हे एकानं तरी डॉक्टरला विचारलंत? बोलता बोलता रडूही यायला लागलं, त्याचाच आणखी संताप.

भाऊजी खाली मान घालून उभे.

तेवढ्यात आतल्या खोलीतून यांचा आवाज आला. 'अगं... वरणभात टाकतेस का जरा? भूक लागलीय.'

एकादशीला! जन्मात कधी एकादशी न मोडलेला माणूस!

मी डोळे पुसून तशीच कुकर लावायला धावले. वाटीभर वरणभात यांनी शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. मग तोंड वाकडं करून म्हणाले, 'अगदीच अळणी आहे गं.' म्हटलं, अळणीच मिळणार, जन्मभर. भाऊजी डोळे पुसत हसले आणि पुढच्या तपासणीला मीही येतो म्हणाले. या म्हटलं, पण रिकाम्या हातानं.

तुमच्या घरात हृदयाचा पेशंट असेल आणि त्याचं पोट फुगत असेल, जेवण जात नसेल, तर कृपा करून गल्लीला विचारू नका. डॉक्टरला विचारा.

काल आमच्याकडे एकादशी मोडली. देवा, अशीच मोडत राहो.