डाळजच्या विहिरीवरचं अर्थिंग

तात्यांनी नारळ पुढे केला होता आणि सुजाता तो घेत नव्हती.

डाळज गावातली तात्यांची विहीर. मोटार बसवून झाली होती, पाइप जोडून झाला होता, लाइट होती. फक्त बटण दाबायचं बाकी होतं. आणि तात्यांच्या घरचा नियम असा, की मोटार ज्यानं भरली त्यानंच बटण दाबण्याआधी नारळ फोडायचा. अर्धा त्याचा, अर्धा घराचा.

"घ्या की बाई. हात दुखाया लागला माझा," तात्या म्हणाले.

"तात्या, नारळ तुमी फोडा. मी न्हाय फोडणार," सुजाता म्हणाली.

मी बाजूला उभा राहून मनात म्हणत होतो, फोड गं बाई एक नारळ. तुझी नोकरी त्यावर अडकलीय.

आधी ती नोकरी काय होती ते सांगतो. नव्वदच्या दशकात मी बारामतीला इलेक्ट्रिकलचा इन्स्ट्रक्टर होतो. आमच्या केंद्रात भूमिहीन आणि मागास घरांतल्या लोकांसाठी मोटार रिवायंडिंगचा सहा महिन्यांचा कोर्स चालायचा. मोटार जळली की आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, त्याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. उसाच्या मुलखात मोटारी जळायला तोटा नव्हता. काम हवं तेवढं होतं. पण आमच्या मुलांना दुकानात कोणी उभं करत नसे. सर्टिफिकेट घ्यायचं आणि परत उसाच्या फडात जायचं, असं दोन बॅचचं झालं. आमचे प्राचार्य एकदा सरळ म्हणाले, "या बॅचमधला एक तरी माणूस कामाला लागलेला दाखवा. नाहीतर हा कोर्स बंद झाला असं समजा."

सुजाता त्या बॅचमधली एकटी बाई. बौद्ध घरातली. नवऱ्यानं नांदवलं नाही म्हणून लेकीला घेऊन माहेरी आलेली. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. भिगवणच्या माणिकशेठच्या पाठीमागे लागून मी तिला त्याच्या दुकानात तीन महिन्यांच्या बोलीवर लावली. महिनाभर तिनं आत बसून मोटारी भरल्या. शेठची तक्रार नव्हती. पण त्याचा मिस्त्री सोडून गेला आणि बाहेरची फिटिंगं अडली.

"बाई विहिरीवर गेली आणि गिऱ्हाईक बिथरलं तर मी तिला ठेवणार नाही," शेठनं बजावलं. "आणि सर, तुम्ही पण जा बरोबर. तुम्हीच आणलीय ती."

म्हणून मी डाळजला होतो.

"का न्हाय फोडणार? इटाळ हाय का काय?" तात्यांनी विचारलं.

"तसं न्हाय, तात्या. आमच्या आज्यानं दीक्षा घेतली तवापास्नं आमच्या घरात देवापुढं नारळ फुटत न्हाय. आमी फोडतो, पर आमटीत घालाया."

तात्यांना राग यावा की हसू, हे ठरेना. शेवटी राग आला. "ह्या मोटारीनं वर्सात दोनदा दगा दिलाय. नारळाबिगर चालू करायची आन् परत जळली म्हंजी?"

दोन्ही वेळा नारळ फुटलाच होता, हे माझ्या ओठावर आलं होतं. मी गिळलं. गिऱ्हाइकाशी वाद घालून जिंकलेला मेकॅनिक मी अजून पाहिलेला नाही.

"मग ऱ्हाऊ द्या मोटार बंद," असं म्हणून तात्या नारळ मांडीवर घेऊन दगडावर जाऊन बसले.

सुजाता माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, तवर मी चेकिंग करून घेते."

मी मान हलवली. दुसरं करणार काय?

कोर्समध्ये मी एक क्रम पाठ करून घेतलेला होता. मोटार चालू करण्याआधी तो पुरा झालाच पाहिजे. घाई असो, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असो, क्रम मोडायचा नाही. सुजातानं पहिल्यांदा रबरी चपला घातल्या.

"चपला घालून?" तात्या लांबून म्हणाले.

"रबरी हायती. म्हणून तर."

तात्या स्वतःशीच पुटपुटले, "आसंल त्यांच्यात तसं."

तिनं मेगर काढला. मेगर म्हणजे हातानं दांडी फिरवायची पेटी. मोटारीच्या आतली तार कुठे उघडी पडलीय का, ते तिच्या काट्यावर कळतं. ती उकिडवी बसली, मोटारीच्या तीन टोकांना पाळीपाळीनं वायर लावली, प्रत्येक वेळी दांडी गरागरा फिरवली. मग तिनं स्टार्टरची पेटी उघडली. आत तात्यांच्या घरच्या कुणीतरी जाडजूड तार टाकून ठेवली होती. ही तार म्हणजे आमच्या भागातला जुना रोग. स्टार्टरमध्ये रिले असतो. व्होल्टेज कमी पडलं आणि मोटारीवर ताण आला, की तो वीज तोडतो. शेतकऱ्याला वाटतं, हा सारखा सारखा का बंद पाडतो? मग तो तार टाकून रिलेला बाजूला करतो. मोटार चालू राहते आणि जळते. सुजातानं तार उपटून फेकली आणि रिले नीट लावला.

शेवटी अर्थिंग. जमिनीत पुरलेला पाइप. मोटारीत वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता या पाइपातून जमिनीत जावी, म्हणून. भोवती मीठ आणि कोळसा घालतात आणि जागा ओली ठेवतात. इथं खड्डा ठणठणीत कोरडा होता. तिनं तात्यांच्या सुनेला हाक मारली. "वैनी, जाडं मीठ, कोळसं आन् घागरभर पाणी मिळंल का?"

सून गेली आणि ताटात मीठ आणि कोळसे घेऊन आली. ताटात एका कडेला हळदकुंकूही होतं. ते कुणी मागितलं नव्हतं.

सुजातानं हळदकुंकू तसंच ठेवलं. मिठाचा थर, कोळशाचा थर, परत मीठ. वरून सावकाश पाणी. मी तात्यांकडे बघितलं. ते दगडावरून उठले होते. त्यांनी टोपी नीट केली होती.

"झालं," सुजाता म्हणाली. तिनं पेटीचं दार लावून तारेनं बांधलं. "आता ह्या पेटीत कुणी हात घालायचा न्हाय. बंद पडली तर थांबायचं, गार हू द्यायची, मग बटण. आन् हितं आठवड्याला एक घागर वतायची."

"कुठल्या वारी?" तात्यांनी विचारलं.

"कुठल्या बी वारी चालतंय."

"आसं कसं? वार सांग की."

ती गोंधळली. मीच म्हणालो, "बाजाराच्या वारी घाला, तात्या. ध्यानात राहील."

तात्यांनी मान डोलावली. मग स्वतःच दगडावर नारळ फोडला आणि सुजाताला म्हणाले, "दाब बटण." पाणी आलं. अर्धा नारळ तिच्या हातात देऊन ते म्हणाले, "घे, आमटीत घाल." मला इतकं बरं वाटलं, की येताना भिगवणला मी दोघांसाठी भजी घेतली.

पुढे ती मुदत संपायच्या सुमारास माणिकशेठचा केंद्रावर फोन आला. "सर, तुमच्या बाईनं डाळजला काय केलंय?"

मी लगेच विचारलं, "का? मोटार जळली?"

"जळली असती तर बरं झालं असतं. चौघं जण दुकानात बसलेत. म्हणतात, ती बुद्धाची पूजा करणारी बाई पाठवा. मिठाची."

दुपारच्या एसटीनं मी भिगवणला पोचलो तेव्हा सुजाता दुकानाच्या मागे लालबुंद होऊन बसली होती. "सर, ज्याच्यापाई नारळ न्हाय फोडला, तेच माझ्या गळ्यात घातलं! मी पुजारीण हाय का? मी न्हाय जायची. नोकरी गेली तरी चालंल."

शेठ म्हणाला, "अगं, त्यांनी काही म्हणू दे. चार गिऱ्हाइकं आलीत."

"तुमास्नी चालंल. मला न्हाय चालायचं," ती म्हणाली. मग उठून तिनं विचारलं, "सर, तुमी येता का? मी त्यास्नी सांगून येते."

आम्ही गेलो. तात्यांच्या विहिरीवर पंधरावीस माणसं जमली. सुजातानं पेटी उघडून रिले दाखवला, तार टाकली की काय होतं ते सांगितलं, मीठ ओल धरतं म्हणून घालतात हेही सांगितलं. मी वर्गात सांगतो त्यापेक्षा सोपं सांगितलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं.

"म्हंजी ही पूजा न्हाय," तात्या म्हणाले.

"न्हाय."

"बरं. पर तवापास्नं पेटीला कुणी हात लावला न्हाय, आन् मोटार जळली न्हाय. हे तर खरं?"

"व्हय. खरं हाय."

"मग तुमच्यात ह्याला म्हणत्यात काय?"

"अर्थिंग."

तात्या मागे वळले आणि जमलेल्यांना म्हणाले, "ऐकलं का? पूजा म्हणू नका. बाईला राग येतुया. अर्थिंग घालायला या म्हणायचं."

तेव्हापासून डाळजला सत्यनारायण घालतात तसं अर्थिंग घालतात. त्या दिवाळीत शेठनं सुजाताला कायम केलं. आता डाळजच्या मोटारी भरायला येत नाहीत, असं तो कुरकुरतो. पण फिटिंगला तिलाच मागणी असते आणि ती कुठल्या गावाला आहे हे त्याला रोज पाटीवर लिहावं लागतं. आमचा कोर्स चालू राहिला. पुढच्या बॅचला तीन बाया आल्या.

स्टार्टरमध्ये तार टाकू नका, हे मी नोकरीभर सांगत आलो. लोकांना ते पटायचं. मान डोलवायचे, घरी जाऊन तार टाकायचे. डाळजला ती तार निघाली ती मी सांगितल्यामुळे नाही. म्हणून माझं मत असं झालंय, की आपण आपलं काम क्रमानं आणि चारचौघांत करावं. लोकांनी त्याला काय म्हणायचं, ते लोकांवर सोडावं.

सुजाताला हे मत साफ नामंजूर आहे. ती प्रत्येक विहिरीवर आधी सगळ्यांना गोळा करते, "ही पूजा न्हाय," असं ठणकावून सांगते, सगळे हो म्हणेपर्यंत थांबते, आणि मगच चपला घालून मिठाचं ताट मागते.