बर्फाच्या तळघरातून आलेली ओ

गाढ झोपलेल्याला आपण हलवून हलवून उठवलं, तर पुढे तो जे काही करेल त्याची जबाबदारी कुणाची? त्याची, की आपली? आधी मनाशी उत्तर द्या, मग पुढे वाचा.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. असणं शक्यच नव्हतं. मिरजेत आमच्या घरी खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे – ‘अंगात येणं हा आजार आहे’, ‘करणी म्हणजे भीतीचा धंदा’... सगळी बाबांनी लिहिलेली. शाळेत असताना मी ती बाजारात वाटायचे, आणि कुणी चुरगळून टाकलं तर उचलून, सरळ करून पुन्हा त्याच्याच हातात द्यायचे. अशा बापाने मुलीचं नाव समता ठेवलं यात नवल नाही. ह्या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर खोडून काढण्यासाठीच वाचत आले. आज माझाच लिहितेय, आणि तो मला खोडता येत नाहीये...

मी कॅनडात एडमंटनला मातीतल्या सूक्ष्मजीवांवर पीएचडी करते. आमचा विषय उत्तरेकडची कायम गोठलेली जमीन. हजारो वर्षांचं गवत, मुळं, शेवाळ, मेलेली जनावरं, सगळं तिथे अर्धवट कुजून तसंच थिजलेलं आहे. लाईट गेल्यावर फ्रीजचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको. तसंच तिथे होतंय. जमीन ऊबदार झाली की आतले जीव उठतात, खायला लागतात, श्वास सोडायला लागतात. त्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड निघतो, पाणी साचलं असेल तिथे मिथेन. त्याने हवा आणखी तापते, आणखी जमीन वितळते, आणखी जीव उठतात. ह्या फेऱ्यातून बाहेर पडायला दार नाही. आणि हे सगळं ज्यांच्या कारखान्यांच्या चिमण्यांमुळे चाललंय त्यांची जमीन वितळत नाही, ती तिथल्या लोकांची वितळते – हेही लिहून ठेवते.

मॅकेन्झी नदी समुद्राला मिळते तिथली एक वस्ती. नाव देत नाही, कारण तिथल्या लोकांना आधीच फोटो काढणाऱ्यांचा पुरेसा त्रास आहे. वस्तीबाहेर एक लाकडी खोपटं, त्याच्या जमिनीत झाकण, झाकणाखाली उभी शिडी, आणि खाली गोठलेल्या जमिनीत खोदलेलं तळघर. एक बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. पूर्वी घराघरांचे मासे आणि मांस इथे वर्षभर राहायचं. आता छत ठिबकतं, म्हणून लोकांनी घरात फ्रीझर घेतले. रिकाम्या झालेल्या शेवटच्या खोलीत आम्ही काय केलं? भिंतीत गरम होणाऱ्या तारा बसवल्या. उद्याचं तापमान आजच द्यायचं, आणि माती किती श्वास सोडते ते मोजायचं. म्हणजे जे जग नकळत करतंय, ते आम्ही मुद्दाम करत होतो.

खाली आम्ही दोघी जायचो. मी आणि रोझी. रोझी त्याच वस्तीतली, चाळिशीची, आमच्या प्रकल्पाची टेक्निशियन. ती मला सॅम म्हणते. तिचा चुलतभाऊ नॉर्मन वर झाकणापाशी बसायचा. नियम एकच – माणूस आत गेला की झाकण बंद. उघडं राहिलं तर उन्हाळ्याची हवा आत शिरते.

मागच्या उन्हाळ्यात, एका लख्ख दुपारी, आम्ही खाली होतो. नॉर्मन वरून ओरडला, “जनरेटरचं पेट्रोल संपत आलंय, घेऊन येतो.” रोझी म्हणाली, “आणि येताना दोन तास कॉफी पीत बसू नकोस!” तो हसला, झाकण बंद झालं, त्याची चारचाकी बाईक लांब गेली.

काम उरकून आम्ही शिडी चढलो. रोझी पुढे, मी मागे. तिने झाकण ढकललं. हललं नाही. खांदा लावला. नाही.

“सॅम, तू सकाळी काय खाल्लंस? शक्ती लाव जरा.”

“पोहे.”

“पोहे काय असतात मला माहीत नाही, पण ते पुरेसे नाहीयेत.”

दोघींनी मिळून ढकललं, तरी नाही. नंतर कळलं की शिडीच्या खड्ड्याच्या तोंडाची जमीन मऊ होऊन खचली होती, चौकट वाकडी होऊन झाकण पकडून बसली होती. त्या क्षणी एवढंच कळत होतं की आम्ही आत आहोत. वॉकी-टॉकी होता, पण त्याच्या टप्प्यात ऐकणारं कुणी नव्हतं.

मग माझ्या कमरेचं गॅस मीटर वाजायला लागलं.

शेवटची खोली श्वास सोडत होती. रोज सोडायची, पण रोज आम्ही काम आटपून लगेच वर जायचो. कार्बन डायऑक्साइड जड. तो तळापासून भरत येतो, पाण्यासारखा. तारा बंद करायचं बटण वर, खोपटात. मी म्हटलं, तोडून टाकू.

“ओल्या हातांनी, ओल्या भिंतीतली चालू तार?” रोझी म्हणाली. “गुदमरून मरायला वेळ लागतो, थोडा धीर धर.”

आणि तोडली असती तरी काय... उठलेले जीव बटण दाबलं म्हणून झोपत नाहीत. हे मीच कितीतरी प्रेझेंटेशनमध्ये सांगितलं होतं. ज्यांना मोजायला मी सातासमुद्रापार आले, त्यांच्याच श्वासात मी बुडत होते, आणि तो श्वास थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

शिडीच्या वरच्या टोकाला आम्ही एकमेकींना चिकटून उभ्या राहिलो. रोझी घसा फुटेपर्यंत ओरडली. हेल्प, नॉर्मन, शिव्या – सगळं इंग्रजीत. प्रतिध्वनीसुद्धा आला नाही. त्या भिंतींवर बर्फाची पिसं वाढलेली असतात, आवाज गिळून टाकतात. माझं डोकं दुखायला लागलं, धाप लागली. मीटर थांबायचं नाव घेईना. तेव्हा माझं इंग्रजी संपलं. मी झाकणावर मूठ आपटून, शेजारच्या घराचं दार वाजवावं तशी, मराठीत ओरडले –

“अहो, कोणी आहे का? दार उघडा ना!”

आणि ओ आली.

“आले, आले!”

वरून नाही. खालून. शेवटच्या खोलीतून.

कणीक मळताना बेल वाजली की आपल्याकडची बाई हात न थांबवता जसं म्हणते, अगदी तसं. घाई नाही, भीती नाही, जरासा त्रासिक सूर. आईचा आवाज नव्हता, हे आधीच सांगते, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. ओळखीचा कुणाचाच नव्हता. आणि ‘आले’ म्हणणारी बाई अजून आलेली नसते, ती निघालेली असते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. अंगावर काटा आला तो आवाजाने नाही, ह्या व्याकरणाने.

मी रोझीकडे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले होते.

“सॅम,” ती अगदी हळू म्हणाली, “तू कुणाला बोलावलंस?”

“कुणालाच नाही... हे तुमच्याकडचं काही आहे का?”

“माझ्याकडे बघू नकोस. आमच्याकडचं असतं तर आमच्या भाषेत बोललं असतं.”

पुन्हा आवाज आला. “आले गं...” आता बोळातून.

मग शिडीची खालची पायरी करकरली. मग तिच्या वरची. वजन पडलं की करकरते तशी. मी खाली टॉर्च मारला – पायऱ्या रिकाम्या होत्या. दलदलीचा, कुजक्या गवताचा वास आला. तेवढ्यात मीटर वाजायचं थांबलं. झाकण अजून बंद होतं, ताजी हवा यायला फट नव्हती, आणि मीटर गप्प. रोझीनेही ते पाहिलं. मग माझ्या पायांवरून, पाठीवरून, मानेवरून काहीतरी वर सरकत गेलं. ओल्या गोधडीसारखं. आणि ऊबदार... त्या थंडीत माझ्या अंगावरून ऊब गेली, आणि आयुष्यात मी कशाला एवढी घाबरले नसेन. रोझी भिंतीला चिकटली, जणू कुणाला वाट देतेय.

झाकण उडालं. उघडलं नाही, उडालं. बिजागऱ्यांसकट.

आम्ही बाहेर पडून गवतात पालथ्या झालो तेव्हा नॉर्मनची बाईक समोरून येत होती. तो उतरला, माझ्याकडे बघितलं, मग वस्तीपलीकडच्या तळ्याच्या दिशेला बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

“तू एवढ्यात परत कशी आलीस?” तो म्हणाला. “आत्ता तर तळ्याकडे चालली होतीस. मी हात केला तुला.”

रोझी त्याच्यावर भडकली. “आम्ही आत मरत होतो, गाढवा!” मग ती रडायला लागली. मी पहिल्यांदाच तिला रडताना पाहिलं.

नंतरच्या मीटिंगमध्ये आमच्या प्रोफेसरांकडे उत्तर तयार होतं. कार्बन डायऑक्साइड चढला की माणसाला भास होतात, मीटर ओलाव्याने बंद पडलं असेल, अडकलेलं झाकण ताण सुटला की उडू शकतं. सगळं पटण्यासारखं आहे. मी स्वतः हेच लिहिलं असतं. फक्त रोझीने त्या मीटिंगमध्ये विचारलं, “तिच्या भाषेतला भास मला कसा झाला?” आणि ‘आ–ले’ असं त्याच सुरात म्हणून दाखवलं. मी तिला तो शब्द कधी शिकवला नव्हता, तोवर त्याचा अर्थही सांगितला नव्हता. अहवालात एक ओळ आली – दार अडकण्याची किरकोळ घटना.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, “आपण इतकी पत्रकं काढली, पण ‘माहीत नाही’ असं एकातही छापलं नाही, नाही का गं?”

मलाही माहीत नाही. ते काय होतं, मराठीत का बोललं, तळ्याकडे जाऊन पुढे कुठे गेलं – काहीच नाही. भुतावर माझा आजही विश्वास नाही. पण त्या खोलीतून काहीतरी बाहेर पडलं आणि ते परत आत घालायची रीत कुणाकडे नाही, एवढं मी शपथेवर सांगेन. त्या कार्बनबद्दलही हेच सांगता येईल, आणि त्याबद्दल तर कुणाला शंकासुद्धा नाही.

प्रयोग मात्र थांबलेला नाही. येत्या उन्हाळ्यात दुसऱ्या खोलीत तारा बसणार आहेत, जास्त गरम. मी नकार दिलाय. “स्टडी परमिटचा विचार कर,” म्हणजे इथे राहायच्या परवान्याचा, असं मला गोड आवाजात सांगण्यात आलं. केला, आणि तरीही नकार दिलाय. माणसांना खाली पाठवायचं आणि बटण वर ठेवायचं, हे मला मान्य नाही. माझ्या जागेसाठी आता दुसरा विद्यार्थी शोधतायत. अशा जागांना अर्ज करणारे आपल्याकडचे खूप असतात. पुण्याहून आलेले, नागपूरहून आलेले, इथे एटोबिकोच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहून पीआरची, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याची, वाट बघणारे. त्यांना नाही म्हणणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे.

म्हणून तुमच्यापैकी कुणाला ते काम मिळालं, तर माझं एक ऐका. शिडीवर पाय ठेवण्याआधी तारांचं बटण खाली, तुमच्या हाताशी बसवून मागा. नाही म्हणाले तर उतरू नका. आणि उतरलातच, दार अडकलंच, तर ठोका, लाथा मारा, इंग्रजीत ओरडा... पण “कोणी आहे का” असं मराठीत विचारू नका.