वस्ताद म्हणणारा माणूस

यावलच्या बसस्टँडमागे ढोलक्या मढवणाऱ्या म्हाताऱ्याला माझी ढोलकी देताना मी सहज "वस्ताद" म्हटलं, तर तो चक्क चिडला.

"माले वस्ताद म्हनू नका, भाऊ. दुसरा वस्ताद आपले वस्ताद म्हनी, तव्हयच मानूस वस्ताद व्हस. मना वस्ताद गयात, बाकीना वस्ताद बी बठ्ठा मरी गयात. आते म्हननारा कोन शे?"

त्याच्यासमोर एक रिकामं गोणपाट अंथरलेलं होतं. तिथं बसून त्याचे वस्ताद ढोलकी जमली की 'वा!' म्हणायचे, असं त्यानं सांगितलं.

माझ्या ढोलकीची दोरी ओढून त्यानं थाप मारली. अशी मोकळी वाजली की टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. त्यानं मात्र गोणपाटाकडे बघितलं.

"वा!" मी घाईघाईनं म्हणालो.

त्याची नजर तिथून हलली नाही. थोड्या वेळानं त्यानं दोरी सोडली आणि ढोलकी पुन्हा पहिल्यापासून ओढायला घेतली.